लाल खुणेचा कोट

एलेरीने मुलाखतीची तयारी इतकी चोख केली होती, की चुकायला कुठे फटच ठेवली नव्हती. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

"काय वाटेल ते होऊ दे, या वेळी मी खिडकीकडे पाठ करून बसणार," तिने आदल्या संध्याकाळी जेवताना जाहीर केलं.

आईने, म्हणजे मेन्नाने, तिच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. "आणि खिडकी नेमकी समोर असली तर?"

"खुर्ची फिरवून घेईन. ठरलंय माझं."

आईचे वडील, म्हणजे आजोबा एमरिस, यांनी सूप पिता पिता मान डोलावली. बेत चांगला होता. या पोरीच्या आणि जगाच्या मध्ये आजवर जे काही आलं होतं, ते सगळं खिडकीतूनच आलं होतं.

एलेरी एकोणीस वर्षांची होती आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या मुलाखतीला दुसऱ्यांदा निघाली होती. गेल्या वर्षी सगळं सुरळीत चाललं होतं. परीक्षकांनी कुत्र्याच्या लसीबद्दल विचारलं, आणि त्याच वेळी खिडकीबाहेरून एक पांढरा घोडा गेला. घोडा सावकाश गेला. एलेरीचं मन त्याच्यामागून निघालं, अंगण ओलांडून, झाडांखालून, नदीपर्यंत. ते परत आलं तेव्हा वेळ संपल्याची घंटा वाजत होती. मग तिने घाईघाईने उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं, फक्त ते घोड्याबद्दल होतं.

दोन महिन्यांनी नकार आला.

घरी कुणी एका शब्दाने बोललं नाही. पण एलेरीने मनाशी ठरवून टाकलं होतं, की याही वर्षी नकार आला तर तिसऱ्यांदा विचारायचं नाही. गावात पशुखाद्याचं दुकान आहे, तिथे माणूस हवाच असतो. पोती मोजायची, गिऱ्हाइकांशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि बाकीच्या वेळात हवं तितकं खिडकीबाहेर बघायचं. हा विचार मनात आला की ती तो झटकून टाकायची. कारण मेंढीच्या पोटावर हात ठेवून आत काय चाललंय ते ओळखायचं, याखेरीज तिला लहानपणापासून दुसरं काही करावंसंच वाटलं नव्हतं.

आता पंचाईत अशी झाली, की मुलाखतीच्या दिवशीच सोनोग्राफीवाला गेथिन येणार होता.

वेल्सच्या त्या डोंगरांत एक वेळ राणीसाहेबांची तारीख बदलून मिळेल, गेथिनची मिळत नाही. तो जानेवारी-फेब्रुवारीत यंत्र घेऊन शेतोशेत फिरतो आणि प्रत्येक गाभण मेंढीच्या पोटात किती कोकरं आहेत ते सांगतो. पिंजऱ्यातून एकेक मेंढी पुढे येते, गेथिन तिच्या पोटाला यंत्र लावतो, पडद्याकडे बघतो आणि ओरडतो. 'एक' म्हणाला, तर मेंढी तशीच जाऊ द्यायची. 'दोन' म्हणाला, तर तिच्या पाठीवर निळ्या रंगाचा फवारा मारायचा. 'तीन'ला हिरवा. आणि 'रिकामी' म्हणाला, तर लाल. निळ्या-हिरव्या खुणेच्या मेंढ्यांना जास्त खुराक मिळतो. लाल खुणेची मेंढी मात्र कळपातून बाहेर. तिची रवानगी थेट बाजारात.

एलेरीच्या घरच्या, हवोदच्या शेतावर चारशे मेंढ्या होत्या आणि माणसं तीन. आईने मेंढ्या आत हाकायच्या, आजोबांनी पिंजऱ्यात घालायच्या आणि एलेरीने खुणा करायच्या, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

"गाडी सव्वाआठची आहे," आई म्हणाली. "पावणेआठपर्यंत खुणा कर, मग मी तुला स्टेशनवर सोडते. पुढचं बाबा बघतील."

"बाबा बघतील म्हणजे?" आजोबा म्हणाले. "ही जन्मायच्या आधी चाळीस वर्षं मीच खुणा करत होतो."

सकाळी गोठ्यात दिवे लावून काम सुरू झालं. एलेरीने अंगावर जुना डगला चढवला होता. मुलाखतीला घालायचा कोट तिने पिंजऱ्याशेजारच्या लोखंडी फाटकावर नीट पसरून ठेवला होता. कोट आईचा होता, सायीच्या रंगाचा, जाड लोकरीचा. ती लोकरही हवोदच्याच मेंढ्यांची. वीस वर्षांपूर्वी आईने ती गिरणीत देऊन विणून आणली होती आणि लग्न, नाताळ, प्रार्थनामंदिरातलं समूहगान असल्या मोजक्या प्रसंगांनाच तो कोट कपाटातून बाहेर निघत असे.

"दोन," गेथिन ओरडायचा. फुस्स. निळा.

"एक."

"दोन. ही पण दोन. काका, यंदा मेंढ्यांनी मनावर घेतलेलं दिसतंय."

"गवत चांगलं होतं," आजोबा म्हणाले.

पावणेआठला एलेरीने रंगाचे डबे आजोबांच्या हातात दिले आणि ती हात धुवायला घराकडे पळाली.

आता पुढे जे झालं, ते त्या वेळी कुणाच्याच लक्षात आलं नाही. आजोबा डबे घेऊन उभे राहिले आणि अंगण ओलांडून चाललेल्या नातीकडे पाहत राहिले. धुकं होतं. त्या धुक्यात पोरगी मोठ्या बाईसारखी दिसत होती. तिच्या हातात औषधांची बॅग आहे, ती आपल्याच अंगणातून कुणाच्या तरी अडलेल्या मेंढीकडे निघाली आहे आणि लोक मोटार थांबवून तिला वाट देताहेत, असं सगळं आजोबांना दिसायला लागलं. एलेरीचा स्वप्नाळूपणा कुठून आला होता, हा प्रश्न घरात अधूनमधून निघायचा. त्याचं उत्तर असं समोर डबे धरून उभं होतं.

"रिकामी," गेथिन ओरडला.

आजोबांचा हात चाळीस वर्षांच्या सवयीने उठला. समोर लोकर दिसली. फुस्स.

पिंजऱ्याचं दार उघडलं, मेंढी टुणकन बाहेर उडी मारून कळपात मिसळली, आणि पुढची आत आली.

थोड्या वेळाने एलेरी धापा टाकत परतली. तिने कोट तसाच घडी करून हातावर टाकला, आजोबांच्या गालाचा मुका घेतला आणि ती आईच्या गाडीत जाऊन बसली. कोट तिने अंगात घातला तो फलाटावर, थंडी वाजायला लागली तेव्हा. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये, बशीएवढा लालभडक ठिपका होता.

फलाटाच्या बाकावर दोन म्हातारे शेतकरी बसले होते. एलेरी त्यांच्यापुढून गेली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाने टोपी उचलून तिला अभिवादन केलं. एलेरीला भरून आलं. माणसं आपल्याला ओळखतातसुद्धा, तिला वाटलं. आपल्या चालण्यातच काहीतरी आलेलं असणार.

गाडी नदीकाठाने निघाली. खिडकीत बसायचं नाही असं ठरलं होतं, पण ते मुलाखतीपुरतं. एलेरी खिडकीत बसली. धुक्यातून डोंगर एकेक करून बाजूला होत होते, दार उघडून धरणाऱ्या माणसांसारखे. पलीकडच्या तीरावर मेंढ्या निळे-हिरवे ठिपके मिरवत उभ्या होत्या. तिला वाटलं, त्या सगळ्या आपल्याच पेशंट आहेत. त्यांतली एक पुढे होऊन म्हणते आहे, "डॉक्टरीणबाई, जरा बघता का, कालपासून बरं वाटत नाही." आणि आपण हिरवा डगला घालून, गमबूट चढवून, शांत आवाजात तिला म्हणतो आहोत, "बसा. जीभ दाखवा."

दोन तासांनी डोंगर संपले, सपाटी आली, शहर आलं.

महाविद्यालयाच्या दाराशी एका हसऱ्या बाईंनी प्रत्येक उमेदवाराचं सगळं ओझं उतरवून घेतलं आणि गळ्यात नावाची पट्टी अडकवली. एलेरीला खरोखरच हलकं हलकं वाटलं. मग एका लांब दालनात त्यांना नेलं. सात दारं, सात खोल्या, प्रत्येकीत सात मिनिटं. घंटा झाली की आत जायचं, घंटा झाली की पुढच्या खोलीत.

बेत तिने तंतोतंत पाळला. प्रत्येक खोलीत शिरली की आधी खिडकी शोधायची, "मी खुर्ची जरा फिरवली तर चालेल का?" असं विचारायचं आणि खिडकीकडे पाठ करून बसायचं. परीक्षकांना गंमत वाटत होती. एकाने तर स्वतः उठून खुर्ची फिरवून दिली.

एकच गोष्ट मनासारखी नव्हती. कितीही घासली तरी बोटं निळी होती. डावा अंगठा तर मुळापासून. एलेरी हात मांडीवर दडवून बसायची, पण बोलण्याच्या भरात ते वर यायचे, टेबलावर फिरायचे, हवेत मेंढ्या काढून दाखवायचे. परीक्षक तिच्याकडे बघून हसायचे. हसू मात्र प्रेमळ होतं.

तिसऱ्या खोलीत थ्वेट नावाच्या एक वयस्क प्राध्यापिका बसल्या होत्या. पिकलेले आखूड केस, हाताचे पंजे नांगर धरणाऱ्यासारखे. त्यांनी विचारलं, "समजा, मालक सांगतोय की ही मेंढी आज विणार. पाठीवरची खूण मात्र सांगते आहे, की ती रिकामी आहे. तू कुणावर विश्वास ठेवशील, मालकावर की खुणेवर?"

"मेंढीवर," एलेरी म्हणाली.

"म्हणजे?"

"मालकाला वाटत असतं, आणि खूण माणसाने केलेली असते. दोन्ही चुकू शकतात. मी आधी मेंढीला हात लावून बघीन. दुसरं काही ऐकायचं ते नंतर."

थ्वेटबाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. एलेरीला त्या पेनाचा आवाज पुढचे कितीतरी दिवस ऐकू येत राहिला, गवतावर हलका पाऊस पडावा तसा.

परत येताना ती इतकी तरंगत होती, की आपल्याच डब्यातून तीमाउरचा इदवाल उतरला हेसुद्धा तिच्या लक्षात आलं नाही. तीमाउर म्हणजे डोंगरापलीकडचं शेत. इदवाल तिच्या मागून फलाटावरून चालला, तिच्या पाठीकडे पाहत, आणि गालात हसत घरी गेला.

घरी आल्यावर एलेरीने कोट काढून खुंटीला अडकवला आणि ती सांगायला वळली. आईचं लक्ष कोटाकडे गेलं. आईच्या हातातला चमचा चहाच्या कपात जाऊन पडला.

"हे काय आहे?"

मग आजोबा खुर्चीतून सावकाश उठले, कोटाजवळ गेले आणि त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"लाल," ते म्हणाले.

"लाल आहे ते मलाही दिसतंय, बाबा. आला कुठून?"

"फाटकावर होता का हा कोट?"

"फाटकावरच होता," एलेरी म्हणाली.

"लोकर दिसली, गं," आजोबा म्हणाले. "आपल्याच मेंढ्यांची आहे ना ती. हाताला कसं कळणार?"

एलेरी बोटांवर मोजू लागली. सात खोल्या. सात खिडक्या. सात वेळा तिने मुद्दाम खुर्ची फिरवून घेतली होती आणि सात वेळा उठून, पाठ करून, दाराबाहेर गेली होती. समोर बसलेला एकूणएक माणूस जनावरांचा डॉक्टर होता. लाल खुणेचा अर्थ त्यांच्यातल्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असणार.

"म्हणून हसत होते," ती म्हणाली. "आई, मी पाठीवर निकाल लावूनच आत गेले होते."

"कुणी बघितलं नसेल," आई म्हणाली, पण तिचा आवाज कोटासारखाच खुंटीला लटकलेला होता.

त्या दिवसापासून वाट पाहणं सुरू झालं. वाट पाहण्याची हवोदवर एकच जागा होती. मोबाइलला तिथे कुठेच रेंज नव्हती. फक्त गोठ्यामागे, पाण्याच्या डोणीशेजारी, बादली उपडी घालून तिच्यावर उभं राहिलं आणि तोंड ईशान्येला केलं की दोन रेघा यायच्या. एलेरी सकाळी एकदा, दुपारी एकदा, तिन्हीसांजेला एकदा बादलीवर चढायची. कधीकधी ती फोन बघायलाच विसरायची. डोणीच्या पाण्यात ढग उतरलेले असायचे, आणि त्यांच्यातून हिरव्या डगल्यातली एक मुलगी दूर दूर जाताना दिसायची. तिला हाक मारावी, तर नाव आठवायचं नाही.

इकडे तीमाउरच्या इदवालने गुरांच्या बाजारात चहा पिता पिता गंमत सांगितली. "हवोदची पोर कॉलेजातून आली, आणि तिच्या पाठीवर लाल खूण." ऐकणारे खो खो हसले. पण गंमत एका शेतावरून दुसऱ्यावर जाता जाता झिजत गेली. चौथ्या शेतावर पोहोचेपर्यंत तिच्यातलं हसू गळून पडलं होतं आणि बातमी तेवढी उरली होती, की हवोदच्या पोरीला कॉलेजाने काढून टाकलं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर बायकांनी एलेरीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. सोमवारी मनुकांचा केक आला. मंगळवारी आणखी दोन आले. बुधवारी पशुखाद्याच्या दुकानाची मालकीण स्वतः मोटार घेऊन आली.

"मनाला लावून घेऊ नकोस, बाळ," ती म्हणाली. "माझ्याकडे जागा आहे. खिडकीजवळची."

"पण मावशी, अजून निकालच आलेला नाही."

"हो, हो," मालकीण डोळे पुसत म्हणाली. "असंच धीराने घ्यायचं."

आजोबा हे सगळं कोपऱ्यातून बघत होते. ते केक खात नव्हते, आणि ते केक खात नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्या आठवड्यात लाल खुणेच्या मेंढ्या बाजारासाठी वेगळ्या काढायच्या होत्या. गेथिनच्या कागदावर अकरा रिकाम्या लिहिल्या होत्या. आईने कळप दोनदा फिरवला, पण लाल खुणा दहाच निघाल्या.

"गेथिनचं मोजणं चुकलं असेल," आजोबा म्हणाले. एरवी त्यांनी एकेक मेंढी पकडून पाहिली असती. पण त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं, ते दुसरंच काहीतरी ठरवत होतं. दहा मेंढ्या बाजारात गेल्या, आणि आजोबा घरी येऊन चष्मा लावून टेबलाशी बसले.

त्यांनी काय केलं ते तीन आठवड्यांनी कळलं, पोस्टमनने महाविद्यालयाचा शिक्का असलेलं पाकीट आणलं तेव्हा. एलेरीने झडप घातली. पाकिटावर तिचं नाव नव्हतं. 'श्री. एमरिस, हवोद' असं होतं.

"आजोबा, हे तुम्हाला का आलंय?"

आजोबांनी बुटाच्या नाडीत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"आजोबा."

"मी एक पत्र लिहिलं होतं."

"कुणाला?"

"तू सांगितलं होतंस ना, त्या थ्वेटबाईंना."

"काय लिहिलं होतंत?" आईने विचारलं. तिने पाठीमागे हात नेऊन खुर्ची धरली होती.

"खरं तेच लिहिलं. म्हटलं, आमच्या नातीच्या कोटावर जी लाल खूण आपण पाहिलीत, ती माझ्या हातून चुकून झाली आहे, त्यात तिचा दोष नाही. कृपा करून तिला कळपाबाहेर काढू नये. तिची खूण निळी समजावी, हिरवी समजली तरी आमची हरकत नाही."

बाहेर कुत्री एकदा भुंकली.

"वाचा," एलेरी म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले होते.

आजोबांनी पाकीट फोडलं आणि शब्दाशब्दावर थांबत वाचलं. निवडीबद्दल मी एक अक्षरही सांगू शकत नाही, असं थ्वेटबाईंनी सुरुवातीलाच लिहिलं होतं. पुढे होतं, 'मात्र आपली काळजी दूर करणं माझं कर्तव्य आहे. सर्व उमेदवारांचे कोट आणि पिशव्या दाराशीच ठेवून घेतल्या जातात. आपल्या नातीचा कोट आमच्यापैकी कुणीही पाहिला नव्हता. आपलं पत्र येईपर्यंत आम्हाला त्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. आता सर्वांना माहीत आहे.'

दाराशी त्या हसऱ्या बाईंनी ओझ्याबरोबर कोटही उतरवून घेतला होता, हे एलेरीला आत्ता आठवलं. "सर्वांना," ती म्हणाली.

"अजून आहे," आजोबा म्हणाले. "'तिची बोटं निळी होती, ती मात्र सातही खोल्यांत दिसली. मुलाखतीच्या दिवशी सकाळीसुद्धा ती मेंढ्यांच्या कामात होती, हे आम्ही त्यावरून ओळखलं.' संपलं. खाली सही." त्यांनी कागदाची घडी घातली आणि चष्म्यावरून नातीकडे पाहिलं. "निळी म्हणाल्या, पोरी. निळी म्हणजे वाईट नाही."

एलेरी बादलीकडे गेली. तिथे ती फोन न काढता नुसतीच उभी राहिली. पावसाळी ढग डोणीत उतरले होते. तिला दिसलं, की एका लांब टेबलाभोवती सगळे प्राध्यापक बसले आहेत, आजोबांचं पत्र एका हातातून दुसऱ्या हातात जातं आहे, आणि कुणी तरी विचारतं आहे, "मग काय करायचं, निळी की हिरवी?"

मार्चच्या शेवटी पहिली कोकरं आली, आणि मग कुणाला बादलीवर चढायलाही फुरसत उरली नाही. जुळी, तिळी, पुन्हा जुळी. एलेरी दिवसभर गुडघे टेकून गवतात बसलेली असायची. त्या गडबडीत एका दुपारी तिला एक ओलंगिच्च कोकरू गोठ्यामागच्या उन्हात न्यायचं होतं. ते एका बगलेत धरून ती वाटेत बादलीवर चढली, निव्वळ सवयीने. फोन थरथरला.

आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. एलेरी बादलीवर उभी होती, तोंड ईशान्येला, आणि तिच्या खांद्यावरून कोकरू ओरडत होतं. एलेरी हलत नव्हती. खूप वेळ हलली नाही. आईच्या मनात आलं, गेली ही पुन्हा कुठल्यातरी घोड्यामागे. मग तिला दिसलं, की पोरीचे खांदे हलताहेत. आई हात न पुसताच धावली.

"मिळाली," एलेरी म्हणाली. "आई, जागा मिळाली. शरद ऋतूत सुरू होतंय."

आजोबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा टोपी घातली. "पत्र उपयोगी पडलं म्हणायचं," ते म्हणाले.

यानंतर एलेरी थोडी बदलली, हे मान्य करायला हवं. तिच्या बोलण्यात एक भारदस्तपणा आला. कोकराला खोकला झाला तर ती आता 'खोकला' म्हणत नसे, 'श्वसनमार्गाचा त्रास' म्हणे. शेजारीपाजारी सल्ला विचारायला येऊ लागले. इदवालसुद्धा आला, चौथा केक घेऊन, आणि तिच्यापुढे टोपी हातात धरून उभा राहिला.

एप्रिल सरत आला. सगळ्या मेंढ्या व्याल्या होत्या, एक सोडून. तिच्या पाठीवर काहीच खूण नव्हती, म्हणजे पोटात एकच कोकरू. गोलमटोल, चमकदार डोळ्यांची मेंढी होती. एलेरीने तिला वेगळ्या कोपऱ्यात ताजं गवत पसरून दिलं होतं आणि गेले नऊ दिवस ती रोज सकाळी तिच्यासमोर स्टूल टाकून बसत होती.

"हिची कास भरलेली दिसत नाही गं," आई म्हणाली.

"काही मेंढ्यांची शेवटच्या दिवशी भरते. उशिराची केस आहे ही. आज किंवा उद्या."

"कालही आज किंवा उद्याच म्हणाली होतीस."

"कोकरू मोठं असणार. मोठ्या कोकरांना वेळ लागतो." एलेरीने आणखी मूठभर खुराक मेंढीपुढे टाकला. मेंढी तो मन लावून खाऊ लागली. एलेरी तिच्याकडे एकटक पाहत राहिली. तिला वाटत होतं, आपल्या हातून होणारं हे यंदाचं शेवटचं बाळंतपण. पुढच्या वसंतात आपण मोठमोठ्या पुस्तकांत असू, आणि हे कोकरू इथे कुरणात उड्या मारत असेल. त्याचं नावही तिने ठरवून ठेवलं होतं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. गेथिन अभिनंदन करायला आला होता. तो सगळ्यांशी हात मिळवून गोठ्यात आला आणि मेंढीकडे बघून उभा राहिला.

"ही काय करतेय इथे?"

"विणार आहे," एलेरी म्हणाली. "उशिराची केस आहे."

गेथिन वाकला. त्याने मेंढीच्या पोटाखाली हात घातला, दोन क्षण ठेवला आणि काढून घेतला.

"एलेरी, तू हिला हात लावून बघितलास?"

एलेरीच्या कानांत एक पेन लिहायला लागलं, गवतावर हलका पाऊस पडावा तसं.

"नाही," ती म्हणाली. "पाठीवर खूण नव्हती, म्हणून—"

"रिकामी आहे ही. एप्रिल काय, नाताळपर्यंत बसलीस तरी विणायची नाही. मी सांगितल्या होत्या ना तुम्हाला, अकरा रिकाम्या."

"आमच्या दहाच निघाल्या," आई म्हणाली. "दहा विकल्या. बाबा म्हणाले, तुझं मोजणं चुकलं."

"माझं मोजणं चुकत नाही. अकरा वेळा रिकामी म्हणालो, अकरा वेळा लाल फवारा मारलेला ऐकला. मग अकरावी गेली कुठे?"

आजोबाही गेथिनच्या मागोमाग आत येऊन उभे होते. मेंढी खुराक चावत होती. मग आईचा चेहरा हळूहळू बदलला, आणि तिने वळून आधी आजोबांकडे पाहिलं, मग घराकडे.

"अकरावी माझ्या कपाटात टांगलेली आहे," ती म्हणाली.

आजोबा पुन्हा बुटाची नाडी बघायला लागले. गेथिनला आधी काही कळलं नाही. मग कळलं, तेव्हा त्याला गोठ्याच्या भिंतीला टेकावं लागलं. एलेरी स्टुलावरून उठली, सावकाश मेंढीजवळ गेली, गुडघे टेकून बसली आणि तिने तिच्या पोटावर हात ठेवला. आत खुराक होता. पुष्कळ होता. बाकी काही नव्हतं.

"मावशीला सांगा," ती म्हणाली, "दुकानातली खिडकीजवळची जागा इतक्यात कुणाला देऊ नका."

"वेडी की काय," आजोबा म्हणाले. त्यांना पोरीचा पडलेला चेहरा बघवेना. त्यांनी खिशात हात घातला, चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि दुसऱ्या खिशात पेन शोधू लागले. "यात तुझी काही चूक नाही. खूण माझ्या हातून चुकली. मी असं करतो, त्या थ्वेटबाईंना दोन ओळी लिहून सगळं—"

"नको," एलेरी, आई आणि गेथिन एकदमच म्हणाले.